यादीत खाली

सावद्याला, फळगोदामाच्या मागच्या अंगाला,
जिथं हिरवी केळी चार दिवसांत पिवळी होते
बंद दाराआड, मोजून सोडलेल्या वायूत,
तिथं ऑफिसच्या भिंतीला एक भोक आहे.
भोकातून गार हवा येते.
त्या हवेत माझा सर्व्हर.

जुनाच डबा, जळगावच्या एका क्लासवाल्यानं भंगारात काढलेला.
मूसा तडवीनं पंखे बसवले, रॅम मी घातली.
लीलाधरशेठ फिरक्यांना सांगितलं, बिलाचं मशीन आहे.
अगदीच खोटं नव्हतं.
दिवसा बिलं,
रात्री बंदुका.

गावातली लाइट जाते. आमची जात नाही.
केळीला जनरेटर लागतो,
तिच्या मागून आम्हालाही पाजतात डिझेल.

खेळ उघडला की यादी येते.
वर कंपनीचे सर्व्हर, सोनेरी चौकटीत,
त्यांना नंबर असतात, नावं नसतात.
अंगठ्यानं बरंच खाली सरकवलं
की 'इतर' या शब्दाखाली आम्ही:
खान्देश रात्रपाळी. चोवीस जागा. पिंग नऊ.

कंपनीशी माझं भांडण नाही.
सर्व्हर चालवायची फाइल तिनंच दिली, फुकट,
आत नियमांच्या अठ्ठेचाळीस ओळी,
बदला म्हणाली हवं तसं.
तिच्याकडे चोराला यंत्र पकडतं.
इथं मला ओळखावं लागतं, कुणाचा पोरगा आहे ते.
भिंतीपलीकडचं बघणाऱ्या एकाला मी काढलं,
तिसऱ्या दिवशी त्याचा मामा आला ट्रक घेऊन,
आला होता माल भरायला,
पण काट्यावर उभा राहून म्हणाला,
घे ना भो त्याला आत, जेवी नाही राहिला.

घेतला.

मूसानं नकाशा केला आमच्यापुरता:
सावदा स्टेशन, फलाट, केळीच्या वॅगनी,
मागे सातपुडा, सगळा एकाच राखी रंगात,
कारण दुसरा रंग चढवला की खेळ अडखळायचा.
इंजिन राहिलं. करतो म्हणाला.

मग कंपनीनं मुंबईला सर्व्हर आणले.
पिंग एकतीस, वर रँक, वर रोजचं बक्षीस.
आमच्या चोवीसचे अकरा झाले, अकराचे चार.
दिवाळीत मूसाही गेला. सांगून गेला, हे त्याचं चांगलं.
रँक पुरी करतो नि येतो, भो.

जानेवारीत, पावणेतीनच्या सुमाराला,
'पांढरी चप्पल' नावाचं कुणीतरी आत आलं
आणि फलाटावर उभं राहिलं.
नुसतं उभं. बंदूक खाली.
मी दोन वेळा समोरून गेलो, उडी मारून दाखवली.
काही नाही.
लिहिलं: खेळायचं नाही का?

मी चेंबरचं तापमान वहीत मांडून आलो, साडेसोळा,
तोवर उत्तर आलं होतं.
ड्युटीवर आहे. रावेरला. वॉर्ड झोपलाय.
खाली दुसरी ओळ:
वरच्या सर्व्हरवर उभी राहिले की तीन मिनिटांत काढतात.

एकतिसावी ओळ ती. निष्क्रिय खेळाडू, मिनिटं तीन.
मी पहिल्याच महिन्यात तिथं शून्य टाकलं होतं,
दया वगैरे नाही,
दर तासाला वहीसाठी मलाच उठावं लागतं,
आणि माझाच सर्व्हर मला बाहेर फेकत होता.

आता ती येते, आठवड्यातून तीनदा, चारदा.
कधी मध्येच उत्तर थांबतं, तेव्हा कुणीतरी
बेल दाबलेली असणार. चप्पल तिथंच उभी राहते,
मी राखण करतो, कुणापासून ते माहीत नाही,
आत तर आम्ही दोघंच.

परवा शेठनं विचारलं, रात्रीचं डिझेल वाढलंय का रे?
म्हटलं, थंडीत केळी उशिरा पिकते.

आणि काल तिनं लिहिलं,
ही गाडी हलते कधी?

मी म्हटलं, मूसा आला की विचारतो.